आवाजासकट निरोप

माझी सून माझा निरोप पळवत ऐकते. मी मोबाईलवर बोलून ठेवते, ‘शेंगांचं पोतं एसटीत टाकलंय, कंडक्टरला सांगितलंय, पोत्याला लाल चिंधी बांधलीय,’ आणि ती कुठलंसं बटण दाबून मला दुप्पट वेगानं पळवते. मग मी म्हणे चिमणीसारखी चिवचिवते. नातवंडं हसतात. हसू द्या, हसायचंच वय आहे त्यांचं. मला मात्र दर वेळी आमची घरमालकीण आठवते. तिनं पोचवलेला निरोप असा कुणी पळवला असता, तर तिनं त्याला उंबऱ्याबाहेर उभं करून पहिल्यापासून पुन्हा ऐकवला असता. खोकल्यासकट.

खोकल्यासकट म्हणजे कसं, ते सांगते.

चौसाळ्याला आम्ही तिच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो. आमचे हे ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. मी खिडकीपाशी शिवणयंत्र मांडून बायकांची झंपरं शिवायची. माझ्या पाठीमागं मधल्या बोळीत, भिंतीतल्या फळीवर तिचा फोन. काळा, जड, वरवंट्यासारखा. भोकात बोट घालून फिरवायचा. अख्ख्या गल्लीत तेवढा एकच. लोक तिला फोनवाली मावशी म्हणायचे. मीही मावशीच म्हणायची.

तो फोन तिच्या नवऱ्यानं मागितलेला. आडतीच्या धंद्याला पाहिजे म्हणून अर्ज केला आणि वर्षानुवर्षं वाट बघितली. खांबावरून तार घरात आली तेव्हा त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. तार ओढणारी माणसं म्हणाली, “बाई, आता काय करता फोन?”

ती म्हणाली, “मागणारा गेला म्हणून मागणी जाती व्हय? बसवा.”

बसवला. पण लावायचा कुणाला? मूलबाळ नाही. एक भाऊ, तो नारायणगडाकडच्या वस्तीवर, त्याच्याकडं अजून दिव्याची तारसुद्धा पोचली नव्हती. म्हणून तिनं फोनच्या चकतीला बोटभर कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या चंचीत टाकली. त्या घरात फोन यायचा. जायचा नाही.

आणि यायचा तो दसऱ्यानंतर. दसरा झाला की आमच्याकडची निम्मी गल्ली ट्रकात बसून ऊसतोडीला जायची. मागं राहायची म्हातारी माणसं, शिकणारी पोरं, बाळंतिणी आणि शेळ्या. कारखान्यावर कुठंतरी चहाच्या हॉटेलात फोन असायचा. तिथून टोळीतली माणसं मावशीला फोन लावायची, घाईघाईनं ओरडून चार वाक्यं सांगायची आणि ठेवायची. मावशीला लिहिता येत नव्हतं. ती ऐकायची, पायांत चपला सरकवायची आणि ज्याचा निरोप त्याच्या दारात जाऊन उभी राहायची. आणि मग त्याच माणसाच्या आवाजात बोलायची.

नक्कल म्हणू नका. नक्कल करणारा हसू यावं म्हणून करतो. ही बाई डोळे मिटायची, मान जरा वाकडी करायची, आणि तिच्या तोंडातून शेजारचा दगडूच बोलायला लागायचा. “हॅलो… हॅलो! ऐकू येतंय का?” इथपासून सुरुवात. मग खोकला. “आगं, धाकट्याला दवाखान्यात न्हेलं का न्हाई?” परत खोकला. मध्येच डोळे उघडून स्वतःच्या आवाजात, “हितं एक ट्रक गेला,” आणि ट्रकचीही घरघर करायची. मग पुन्हा डोळे मिटून दगडू. “आमी बरे हाओत. ठिवतो.” शेवटी गुडघ्यावर हात आपटून ‘खट्’. म्हणजे फोन ठेवला.

मी एकदा म्हटलं, “मावशी, निरोप तेवढा सांगावा. खोकला कशाला?”

“तुला काय ठावं? खोकल्यातच निरोप असंल,” ती म्हणाली. “औंदा त्याच्या बायकूनं नुस्त्या खोकल्यावरून वळखलं, छातीत कफ धरलाय. दुसऱ्या दिवशी मुकादमाच्या गाडीत अडुळशाचा पाला धाडला. म्या खोकला गाळला असता तर?”

मी सुईत दोरा ओवायला लागले.

“निरोप म्हंजी अमानत, बाई. पराया माल. त्यातला दाना काढायचा न्हाई, आन् आपला दाना टाकायचा न्हाई.”

ह्या अमानतीपायी एकदा हापशावर काय झालं! एक नवं लग्न झालेलं पोरगं. बायको पहिल्या खेपेची पोटुशी म्हणून घरी, आणि हे एकटंच टोळीत गेलेलं. त्याला वाटलं, फोन काय, आपण बोलतो ते तारेत जातं आणि बायकोच्या कानात पडतं. मावशी हापशावर गेली. तिथं सगळ्या बायका, त्यात त्या पोरीची सासू. मावशीनं डोळे मिटले. “हॅलो… म्या हाय. तुही लई याद येती. भाकर ग्वाड लागत न्हाई. तू त्या हिरव्या लुगड्यात…”

सासूनं घागर खाली टाकली. पोरीनं पदर तोंडात कोंबला. मावशी थांबली का? छे. लुगड्याचं सगळं सांगून, ‘खट्’ करूनच डोळे उघडले. सासू म्हणाली, “लाज हाय का न्हाई तुला?” मावशी शांतपणे म्हणाली, “मला कावून? तुह्या लेकाला इचार.” त्यानंतर कारखान्यावरून येणारे निरोप एकदम सोज्ज्वळ झाले. मीठ, मिरची, शेळी, आईच्या पाया पडतो.

तिचे कायदे फार. पहिल्या दोन घंटीला फोन उचलायचा नाही, तिसरीला उचलायचा. पहिल्या दोन त्याच्या गळा साफ करण्याच्या. फोनशी उभं राहूनच बोलायचं. वडीलधाऱ्याचा आवाज असला की डोक्यावर पदर. कधी कुणी घरातच हजर असलं आणि त्यानं स्वतः फोन घेऊन नुसती मान हलवली, की ती मागून ओरडायची, “मुंडी काय हलवतो? तारंतून दिसती व्हय?” दसऱ्याला फोनला हळदकुंकू, आपट्याचं पान, आणि त्या दिवशी त्याला विश्रांती, वाजला तरी उचलायची नाही. “बैलाला पोळा असतो, ह्याला नसावा?”

रॉंग नंबर तिला मान्यच नव्हता. एकदा उदगीरकडच्या कुठल्याशा माणसानं व्यापाऱ्याला लावलेला फोन हिच्याकडं लागला. हिनं विचारलं, आवाज कावून असा पडलाय? तो म्हणाला, म्हैस व्यायला अडलीय. पुढं चार दिवस ती म्हैस आमच्या घरात होती. ‘काय झालं असंल गं तिचं?’ पाचव्या दिवशी त्या भल्या माणसानं मुद्दाम तोच चुकीचा नंबर लावून सांगितलं, रेडी झाली. मावशीनं गल्लीत साखर वाटली.

आता मुख्य गोष्ट. इतकी वर्षं अमानत अमानत म्हणणाऱ्या ह्या बाईनं एकदा, एकदाच, निरोपातला दाणा काढून ठेवला. मी समोर होते, म्हणून सांगू शकते.

आमच्या घरामागं कौशी म्हणून एक मुलगी राहायची, आजीजवळ. दहावीला होती. आईबाप दोघंही टोळीत. बाप अंकुश, माणूस वाईट नव्हे, कष्टाळू, पण आवाज असा की फोनमधून बोलला तरी मला यंत्रापाशी शब्द न् शब्द ऐकू यायचा. घरात त्याच्यापुढं कुणी बोलायचं नाही. कौशी तर नाहीच. तो अंगणात आला की ती आत.

संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. संध्याकाळी फोन वाजला. तिसऱ्या घंटीला मावशीनं उचलला. अंकुश. मी इथूनच ऐकलं. मावशी नेहमीसारखी चपला घालून निघाली, पण पायऱ्या उतरताना तिनं कठडा धरला. तसा ती कधी धरायची नाही. मला राहवलं नाही, मीही मागं गेले.

कौशीची आजी दारात तूर पाखडत होती. कौशी आत अभ्यासाला. मावशीनं डोळे मिटले.

“हॅलो! म्हातारे, म्या अंकुश. कौशीला घिऊन ये हिकडं. पुढल्या आइतवारी तिचं लगीन हाय. पोरगं आपल्याच टोळीतलं हाय, निर्व्यसनी हाय. एकटंच हाय म्हणून त्याचा अर्धा कोयता पडतोय. लगीन झालं की पुरा कोयता हुईल. मुकादमानं गाडी धाडलीय, शुक्कीरवारी येईल. तिला म्हणावं, पुस्तकं-बिस्तकं तितंच ठिव. ठिवतो.” ‘खट्.’

बाहेरच्यांना सांगायला हवं. ऊसतोडीत माणसं माणसांत मोजत नाहीत, कोयत्यात मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी म्हणजे अर्धा. त्याला काम कमी, मुकादमाकडून आगाऊ मिळणारी उचल कमी, मान कमी. म्हणून भर हंगामात, उसाच्या फडातच लग्नं लागायची. पोर पंधराची का सोळाची, कोण विचारतो? कोयता पुरा झाला म्हणजे झालं.

कौशी आतून बाहेर आली होती. मावशीच्या तोंडून बापाचा आवाज येत होता तोवर ती डोक्यावर ओढणी घेऊन, मान खाली घालून उभी होती. बाप समोर उभा असावा तशी. आजीनं सुपातली तूर तशीच ठेवली आणि पेटी उघडायला आत गेली. तिचा मुलगा बोलला होता, विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, शाळेच्या मधल्या सुट्टीत कौशी आमच्या बोळीत येऊन उभी.

“मावशी, तुमी सांगा ना, निरोप आलाच न्हाई म्हणून. फोन बंद हुता म्हणा.”

“निरोप आला. म्या पोचवला. आता त्यो गिळता येत न्हाई,” मावशी म्हणाली.

कौशी रडायला लागली. मला इतका राग आला मावशीचा! म्हटलं, “मावशी, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे, आणि तुमची अमानत घेऊन काय चाटायचीय?”

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कौशीला म्हणाली, “तुह्या बापानं निरोप धाडला. निरोपाला जबाब असतो. तुहा जबाब काय?”

“माझा?”

“मग कुणाचा? म्हातारीचा? सांग. जसं म्हणायचंय तसं सांग. पोचवायचं काम महं.”

पोरीला बोलताच येईना. तोंड उघडायची, मिटायची. शेवटी मावशीनं तिला खांद्याला धरून भिंतीकडं तोंड करून उभं केलं. “भिताडाला सांग. आमी न्हाई हितं.”

आणि मग भिंतीला कौशी बोलली. मी तिला इतकी वर्षं ओळखत होते, पण तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. “आबा, म्या येत न्हाई. दीड महिन्यावर माझे पेपर हायेत. म्या आजीचं सगळं करून, शेळ्या बघून शाळा केली, एक दिवस बुडवली न्हाई. गणितात म्या वर्गात पहिली हाय, ते तुमाला कुणी सांगितलंच न्हाई. आईचे हात म्या बघितलेत. मला कुणाचा अर्धा कोयता व्हायचं न्हाई. मला शिकायचंय.” थांबली. नाक ओढलं. मग एकदम हळू, “मला तुमचं भ्या वाटतंय आबा, म्हणून म्या कधी बोलले न्हाई.”

मावशीनं चंचीतून किल्ली काढली.

ते कुलूप उघडायला वेळ लागला, गंजलं होतं. मी यंत्राचं तेल आणून दिलं. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण हॉटेलवाल्यानं कधीतरी सांगितलेला नंबर तिला भोकांवरून पाठ होता. वरून तिसरं, मग शेवटचं, मग परत तिसरं. एकदा चुकलं, पुन्हा पहिल्यापासून फिरवला. हॉटेलवाल्याला म्हणाली, “अंकुशला फडातून बलवा. म्या घंट्याभरानं परत लावते.” तो घंटाभर आम्ही तिघी फोनपाशीच बसून राहिलो. कौशी शाळेत परत गेलीच नाही. तेवढीच एक दुपार बुडाली तिची.

दुसऱ्यांदा फोन लागला. “हॅलो! काय झालं? म्हातारी बरी हाय का?” अंकुश ओरडत होता.

“समदे बरे हायेत,” मावशी म्हणाली. “तुला निरोप हाय. तुह्या लेकीचा. मधी बोलू नको.”

मग तिनं भिंतीकडं तोंड केलं, डोळे मिटले, आणि त्या साठीच्या बाईच्या तोंडून पंधरा वर्षांची पोर बोलायला लागली. शब्दाला शब्द. नाक ओढलं तेसुद्धा. मी कौशीकडं बघत होते. ती आपलंच बोलणं तोंडावर हात ठेवून ऐकत होती. ‘मला शिकायचंय’ झालं. नाक ओढून झालं. आणि मावशी थांबली.

मग अंकुशचा आवाज आला, बारीक, “कौशे?”

“न्हाई, म्याच हाय,” मावशी म्हणाली. “निरोप सपला.”

पाठीमागं कुणीतरी बैल हाकत होतं तेवढं ऐकू आलं. मग ‘खट्’. हे मात्र खरं खट्.

कौशी आणि मी दोघींनीही मावशीकडं बघितलं. मी म्हटलं, “शेवटचं राहिलं.”

“न्हाई राहिलं. ठिवलं,” ती म्हणाली. “बाकीचं समदं निरोपाचं हुतं. भ्या दुसऱ्याच्या तोंडानं सांगितलं का त्याची कागाळी हुती.” आणि कौशीला, “ते तुहं तुला सांगावं लागंल. कवा, ते तू बघ.”

शुक्रवारी आम्ही सगळ्या रस्त्याकडं डोळे लावून. आजीनं पेटी भरून दारात ठेवलेली. गाडी आली नाही. शनिवारीही नाही. रविवार उजाडला आणि मावळला. मागाहून कळलं, त्या मुलाचं तिथंच दुसऱ्या कुणाच्या पोरीशी लागलं. त्या पोरीसाठी मला आजही वाईट वाटतं. अंकुशचा फोन पुन्हा त्या हंगामात आला नाही. ना रागाचा, ना लोभाचा. कौशीनं पेपर दिले. पण रोज विचारायची, “मावशी, फोन आला का?” बाप येऊन काय करील ह्या धाकात तिनं अख्खी दहावी दिली. लग्न टळलं होतं की नुसतं पुढं गेलं होतं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

पाडवा झाल्यावर टोळ्या परतल्या. अंकुश आला त्या दिवशीच संध्याकाळी आमच्या दारापुढच्या पायरीवर येऊन बसला. अंगावर अजून प्रवासाची धूळ. कौशीला बरोबर आणली होती. ती मागं, अंगणात मधोमध उभी. मावशी दारात. मी झंपराला काजं करत होते. सुई तिथंच राहिली.

“मावशे, येक इचारतो,” अंकुश म्हणाला. “खरं सांग. त्या दिवशी फोनवर जे बोललीस, ते तिनं म्हणलं का तू जोडलंस? मही पोर मह्याफुडं कधी दोन शब्द बोलली न्हाई. ती येवढं बोलंल?”

मावशीचा चेहरा मी पहिल्यांदा तसा बघितला. “म्या? जोडीन?” तिच्या नाकपुड्या थरथरल्या. मग ती आपणहून खाली बसली. “मला कावून इचारतोस? तुही लेक मागं उबी हाय.”

“तिला काय इचारायचं? ती मुकीच हाय मह्याफुडं.”

“इचारून बघितलंस कवा?”

अंकुशनं मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाला, “कौशे. मावशीनं जोडलं का काई?”

मला वाटलं, ही आता घराकडं पळते. अंगणात तिला तोंड फिरवायला भिंतसुद्धा नव्हती.

“न्हाई,” कौशी म्हणाली. “जोडलं न्हाई. एक गाळलं.”

आता अंकुश वळला. “काय गाळलं?”

“मला तुमचं भ्या वाटतंय आबा. लहान हुते तवापसून. ते मावशीनं सांगितलं न्हाई.”

माझ्या मनात आलं, हा उठणार, हात उचलणार. अंकुशनं खांद्यावरचा रुमाल काढला, मांडीवर ठेवला, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

“महं?” तो म्हणाला.

“व्हय.”

“म्या तुला मारलं का कवा?”

“न्हाई. पर तुमी मोठ्यानं बोलता.”

अंकुश पायरीवर थोडा बाजूला सरकला. “बस,” म्हणाला. कौशी आली, आणि त्याच्यापासून हातभर अंतर सोडून बसली. दोघंही रस्त्याकडं बघत होते. मग त्यानं विचारलं, इतक्या हळू, की माझ्या खिडकीपर्यंत जेमतेम पोचलं,

“पास झालीस तर म्होरं कुठं जावं लागतंय?”

“बीडला.”

“यष्टी कितीला असती?”

“साडेसहाला,” कौशी म्हणाली. “पर जागा धरायची तर सव्वासहालाच जावं लागतंय.”